देवगावच्या फाट्यावरची केरसुणी

चन्नबसप्पानं तांब्यात बोटं बुडवून केरसुणीवर पाणी शिंपडलं आणि मगच ती उचलून गाडीत टाकली.

देवगावच्या फाट्यावर लिंबाखाली बायनाबाई मांगीण केरसुण्या घेऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की केरसुणी जमिनीवर ठेवायची, मागं सरकायची, आणि गिऱ्हाइकानं ती उचलल्यावर पुढं येऊन पदर पसरायची. चन्नबसप्पाच्या बायकोनं, सिद्धम्मानं, गाडीतूनच वरून ज्वारी ओतली. एका केरसुणीला कुणी इतकी ज्वारी देत नसतं.

"माळ्यावर ढीग पडलाय केरसुण्यांचा," चन्नबसप्पा म्हणाला. "गाव झाडायचंय का तुला?"

"झिजतेत."

"वापरल्या तर झिजतील ना."

 या रस्त्यानं गाडी गेली की सिद्धम्मा ती फाट्यावर थांबवायचीच, आणि नवरा हेच बोलायचा. वाण्याच्या घरात उधळपट्टी नव्हती. ही एवढीच होती, म्हणून तो चालवून घ्यायचा.

बायनाबाई मात्र केरसुणीपेक्षा गाडीतल्या पोराकडं, रेवणप्पाकडं, बघत होती. "अक्का, ल्योक लय वाळला तुमचा. हैद्राबादला जायचाय म्हनं?"

"जाईल. कागद मिळाला तर."

"जायला कागुद कशाला लागतो? आमचा आश्रुबा रुळाच्या कामावर पार मनमाडापस्तोर जाऊन आला. कुनी न्हाई इचारलं त्याला."

रस्त्याच्या कडेला तिचा आश्रुबा खडी फोडत होता. रेवणप्पाच्याच वयाचा. आपलं नाव निघालं म्हणून त्यानं मान वर केली, गाडीकडं पाहिलं आणि पुन्हा हातोडा उचलला. त्याला खरंच कुणी विचारलं नव्हतं तो कुठला. विचारण्यासारखं त्याला काही मिळणारच नव्हतं.

गाडी तालुक्याच्या रस्त्याला लागली. रेवणप्पा कडेला पाय सोडून बसला होता, मांडीवर कागदांची गुंडाळी. औरंगाबादेतून इंटर झालेला, विज्ञान घेऊन, वरच्या वर्गात. आता त्याला हैदराबादच्या जामियात, तिथल्या विद्यापीठात, तबीयात शिकायची होती. तबीयात म्हणजे पदार्थविज्ञान. गावात हे सांगून उपयोग नव्हता. पहिल्यांदा सांगितलं त्या संध्याकाळी दोघंजण नाडी दाखवायला आले होते आणि एकानं जीभ बाहेर काढली होती.

चन्नबसप्पाला आधी वाटलं होतं पोरानं दुकानात बसावं. मग लोक म्हणाले, एवढा शिकलाय तर वकील करा. वकील म्हटल्यावर चन्नबसप्पा उखडला. दिवसभर खोटं बोलायचं आणि संध्याकाळी लिंगपूजेला बसायचं, हे आपल्या घरात चालायचं नाही म्हणाला. तेव्हा रेवणप्पानं दुकानातला तराजू पुढं ओढून बापाला समजावलं होतं, की हे जे शिक्षण आहे त्यात खोटं चालतच नाही. तोलणारा कोण आहे, कुठला आहे, याला तिथं किंमत नसते. कुणीही तोललं तरी तेच यायला पाहिजे. नाही आलं तर तोलणारा चुकला. चन्नबसप्पा बराच वेळ तराजूच्या काट्याकडं बघत बसला होता. मग म्हणाला, "हे बरं हाय. हे शिक."

बापाची परवानगी मिळाली. अडलं ते पुढंच. जामियात अर्ज करायचा तर सोबत मुल्की असल्याचा दाखला लागतो. म्हणजे हा माणूस हैदराबादच्या हुजूरांच्या राज्यातला, लोकांच्या भाषेत मोगलाईतला, आहे, बाहेरचा नाही, असं तालुक्यानं लिहून द्यायचं. तो नसला तर अर्ज कुणी उघडतही नाही. आणि रेवणप्पाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव लिहिलेलं होतं लोणार.

लोणार म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड म्हणजे इंग्रज. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सिद्धम्माचं माहेर लोणारचं, एवढी साधी गोष्ट. गावातली निम्मी पोरं अशीच आजोळी जन्मलेली. पण शाळेत घालताना मास्तरांनी जन्मगाव विचारलं की बाकीचे बाप आपल्या गावाचं नाव सांगून मोकळे झाले. चन्नबसप्पानं खरं सांगितलं. खरं सांगायची त्याला खोड होती.

कचेरीतला पेशकार माणिकराव लाच खात नसे. खाल्ली असती तर बरं झालं असतं. देऊन मोकळं होता आलं असतं. माणिकरावाला लोक उभे राहिलेले आवडत. रेवणप्पा पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानं शाळेचा दाखला नाकासमोर धरून, "तुम्ही तर इंग्रजांची रयत," असं हसत सांगितलं होतं. रेवणप्पानं म्हटलं, वऱ्हाडही कागदोपत्री हुजूरांचंच आहे. माणिकराव म्हणाला, मग कागदोपत्रीच शिका. दुसऱ्या खेपेला पाटलाचं पत्र आणा म्हणाला. पत्र आणलं तर त्यावर शिक्का पुसट आहे म्हणाला. शिक्का ठळक करून आणला तर साहेब दौऱ्यावर. मधल्या काळात उन्हाळा सरत आला, आणि अमरदाद महिना लागायच्या आत अर्ज हैदराबादेत पोचायला हवा होता. रेवणप्पा घरी येऊन भिंतीला डोकं टेकून बसायचा. एकदा त्यानं दुकानातलं मापटं भिंतीवर फेकलं. त्या पत्र्याला पडलेला खड्डा चन्नबसप्पानं ठोकून सरळ केला, कारण खड्डा पडलेल्या मापानं माप कमी भरतं.

गेल्या खेपेला माणिकरावानंच वाट दाखवली. पोराच्या आईनं कचेरीत येऊन सांगावं, की जन्म इकडंच झाला, लोणार हे शाळेत चुकून लिहिलं गेलं. आईचं बोलणं नोंदवून घेऊ, काम होईल.

त्या रात्री चन्नबसप्पा जेवला नाही. सकाळी पूजा आटोपून उठला आणि बायकोला म्हणाला, लुगडं बदल, तालुक्याला जायचंय.

कचेरीच्या आवारात बैल सोडले. चन्नबसप्पानं बायकोला झाडाखाली बाजूला घेतलं. रेवणप्पा जवळच होता. बापाला असं बोलताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो जमिनीकडं बघून बोलत होता, उधारी मागायला आलेली माणसं दुकानात बोलतात तसा.

"काय म्हणायचंय ते ध्यानात हाय ना?"

"मोगलाईत झाला म्हणायचं."

"आपल्या घरी म्हणायचं. मधल्या खोलीत."

"मोगलाईत झाला म्हणते."

"एक डाव," चन्नबसप्पा म्हणाला. "पाप लागलं तर मला लागू दे. मी सांगायलोय म्हणून तू बोलायलीस."

सिद्धम्मानं पदर डोक्यावरून नीट घेतला. तिचा चेहरा रेवणप्पाला नीट कळला नाही. भीती तर नव्हती.

माणिकरावानं त्यांना नेहमीप्रमाणं उभं ठेवलं. पान जमवलं, चुना लावला, समोरच्या रजिस्टरातली एक ओळ पूर्ण केली. मग कोरा कागद घेतला.

"बाई, तुम्ही लिंगायत ना? मग लिंग हातावर घ्या. उगाच नंतर बोलायला नको."

हे ठरलेलं नव्हतं. चन्नबसप्पाच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं. तो पुढं सरकणार तोवर सिद्धम्मानं गळ्यातल्या वस्त्रातून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं होतं.

"बोला. मुलगा कुठं झाला?"

"मोगलाईत."

"मोगलाई केवढी मोठी आहे. गाव सांगा."

"देवगाव. फाट्याजवळचं."

माणिकरावाचा टाक कागदावर टेकला. चन्नबसप्पा घाईनं म्हणाला, "आमच्या घरी म्हणायचंय तिला. कचेरी बघून घाबरलीय."

"मी घाबरले न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तळहाताकडं बघतच ती सांगत गेली.

आठवा महिना सरत होता. तिला न्यायला भाऊ आला होता, गाडी घेऊन. देवगावच्या अलीकडं ओढ्यात गाडीचा आस मोडला आणि गाडी कलंडली. कळा तिथंच सुरू झाल्या. भाऊ गावात धावला तर उंबऱ्याउंबऱ्यावर कुणी ना कुणी कारण सांगितलं. कुणाकडं सोवळं, कुणाकडं लग्न. शेवटी ओढ्याला सरपणासाठी आलेल्या बाईनं तिला खांद्यावर टाकून आपल्या झोपडीत नेलं. तिथं हा झाला. नाळ तिनंच कापली. सिद्धम्माला मग ताप भरला, गाडी नीट होऊनही निघता येईना. लोणारला पोचल्यावर भावानं जंगमाला बोलावून बाळाला लिंग बांधलं आणि बहिणीला सांगितलं, की पोर लोणारला झालं, इथून पुढं एवढंच. भाऊ आता राहिला नव्हता. तिनं ते एवढंच ठेवलं होतं, आजपर्यंत.

"बाईचं नाव?" माणिकरावानं विचारलं.

"बायनाबाई."

"जात?"

"मांग."

टाक थोडा थांबला, पुन्हा चालू लागला. रेवणप्पाला सकाळची ज्वारी आठवली. वरून पडणारी, थांबतच नसलेली.

"बास?" माणिकराव म्हणाला.

"न्हाई. मला ताप होता. दूध न्हवतं. ह्याचं रडणं बंद झालं होतं." सिद्धम्माचा आवाज चढला नाही, पडला नाही. "तिच्या मांडीवर तिचा आश्रुबा होता. तिनं एका अंगाला त्याला घेतलं आन् दुसऱ्या अंगाला ह्याला. मी उठस्तोवर."

माणिकरावानं टाक वर उचलला. "हे काही लिहायची गरज नाही."

"लिवा," सिद्धम्मा म्हणाली. "इचारलंय तर लिवा."

कचेरीत आणखी दोघं-तिघं बसलेले. कुणी खोकलं. चन्नबसप्पाचा हात सदऱ्यावरून स्वतःच्या इष्टलिंगावर गेला आणि तिथंच राहिला. तो एक पाऊल मागं सरला, मग अजून एक. रेवणप्पा हे बघत होता. बापावरचा राग त्याच्या डोक्यात चढत चालला होता, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण मघापासून हाताच्या पालथ्या बाजूनं ओठ पुसतो आहोत. इंटर झालेला मुलगा. औरंगाबादेत रात्र रात्र भांडलेला, की पडणाऱ्या दगडाला जात नसते. त्यानं हात झटकन खाली घेतला. सिद्धम्मानं पाहायचं ते पाहिलं होतं.

"साक्षीदार कोण?" माणिकराव म्हणाला.

"तीच. दुसरं कोण असणार?"

"तिची साक्ष धरायची की नाही, बघावं लागेल."

तेवढ्यात तहसीलदारसाहेब आतून आले. जेवून उठले होते, दात कोरत होते. एवढी माणसं का उभी आहेत म्हणून त्यांनी सहज कागद उचलला. माणिकराव घाईनं उभा राहून उर्दूत हकीकत सांगू लागला. लोणार, वऱ्हाड, देवगाव. साहेबांनी अर्ध्यातच हात वर केला.

"बाप कहाँ का है?"

"यहीं का, सरकार. बाप-दादा से."

"बाप मुल्की है तो लड़का चाँद पर पैदा हो, मुल्की है. इसमें माँ को क्यों बुलाया?"

"खबरदारी के तौर पर, सरकार."

साहेबांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारायला सांगितला आणि तंबाखूची डबी विसरली होती ती घेऊन ते परत आत गेले. सगळं एवढंच. पहिल्याच खेपेला होण्यासारखं. लोणार लिहिलेलं असो की नसो.

माणिकरावानं दाखला रेवणप्पाच्या हातात दिला. "बघा, झालं की नाही काम," असं म्हणाला. समोर सिद्धम्माचं बोलणं लिहिलेला कागद होता. तो आता कशालाच लागणार नव्हता. माणिकरावानं त्याची घडी घातली आणि त्या घडीत टाक पुसला, शाई नीट निघेपर्यंत.

 मेजावरची दौत उचलून या माणसाच्या पागोट्यावर ओतावी असं रेवणप्पाच्या मनात आलं. पण हातात दाखला होता, ओल्या शिक्क्याचा. तो पुसेल म्हणून त्याला मूठही वळता आली नाही.

सिद्धम्मानं लिंग पुन्हा वस्त्रात बांधलं. गाठ मारायला तिला वेळ लागला.

चन्नबसप्पानं बैल स्वतःच जुंपले. जू उलटं लागलं, पुन्हा काढलं. पोरगा मदतीला आला तर त्यानं कोपरानं बाजूला सारलं. गाडी निघाली तेव्हा ऊन कललं होतं, पण धग तशीच.  एरवी चन्नबसप्पा बैलांशी तरी बोलायचा.

सकाळपासून त्याच्या पोटात पाणी नव्हतं. बाहेरचं तो पीत नसे. घरून भरून घेतलेल्या घागरीतलं, बायकोनं गाळून दिलेलं, एवढंच. सिद्धम्मानं तांब्या भरला आणि पुढं केला.

त्यानं घेतला नाही. नाहीही म्हणाला नाही. कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, एवढंच. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला, गाडीच्या हिसक्यानं पाणी तिच्या मनगटावर सांडत होतं. मग तिनं तो खाली ठेवला.

रेवणप्पानं पुढं वाकून तांब्या उचलला आणि वरून धार धरून प्यायला. तहान नव्हती. आई बघतेय का हे त्यानं पाहिलं. ती बैलांच्या शिंगांकडं बघत होती. ओठ ओले राहिले. त्यानं ते पुसले नाहीत. तांब्या पुन्हा घागरीत बुडवून त्यानं भरला आणि बापाच्या मागं ठेवला.

"अप्पा," तो म्हणाला.

"गप बैस."

"मला एवढंच म्हणायचं होतं..."

"कागद जप. घाम लागायलाय त्याला."

फाटा आला तेव्हा बायनाबाई केरसुण्यांची मोळी बांधत होती. सिद्धम्मानं या खेपेला थांबायला सांगितलं नाही. सकाळी थांबून झालं होतं, आणि आता ती मान खाली घालून बसली होती. रस्त्यात आडवं कुणी नव्हतं. तरी चन्नबसप्पानं कासरा ओढला.

तो खाली उतरला. बायनाबाईसमोर, नेहमी थांबायचा तेवढ्याच अंतरावर, थांबला.  रेवणप्पाला वाटलं, बाप आता हिला काहीतरी बोलणार. तोही खाली उतरून उभा राहिला.

"केरसुणी दे," चन्नबसप्पा म्हणाला.

"सकाळीच नेली की अप्पा." ती हसली. "अक्का इसरल्या का काय?"

"दे म्हणलं."

तिनं मोळी सोडली, चांगली घट्ट वळलेली एक निवडली, जमिनीवर ठेवली आणि मागं सरकली. चन्नबसप्पा वाकला. केरसुणी उचलली. किती तरी वेळ ती हातात उलटीसुलटी करून बघत राहिला, माल पारखावा तशी. मग त्याची नजर पलीकडं गेली. आश्रुबा खडीच्या ढिगावर बसून बोटाला चिंधी गुंडाळत होता. चन्नबसप्पानं त्याच्याकडं पाहिलं, मग गाडीजवळ उभ्या आपल्या पोराकडं. पुन्हा त्याच्याकडं. दुकानात दोन्ही पारडी रिकामी असताना काटा बघतो तसा.

"किती शिकलाय हा?" त्यानं विचारलं.

"कोन, आश्रुबा?" बायनाबाईला प्रश्नच कळला नाही. "त्याला कोन शिकवील, अप्पा?"

चन्नबसप्पा वळला. परत गाडीपाशी आला, एका हातात केरसुणी. दुसऱ्या हातानं त्यानं तांब्या उचलला. सिद्धम्मानं तोंड वळवलं. पाणी शिंपडतानाचा तो आवाज तिला ऐकायचा नसावा, निदान आज.

रेवणप्पा मात्र बघत होता. बापानं तांब्या वर केला, मान मागं टाकली आणि पाणी पीत राहिला. गळ्याची घाटी वरखाली होत होती. मिशा ओल्या झाल्या. सगळं संपल्यावर त्यानं तांब्या केरसुणीवर उपडा करून झटकला.

त्यातून थेंबही पडला नाही.

केरसुणी त्यानं गाडीत ठेवली, सिद्धम्माच्या गुडघ्यापाशी, आणि बैलांना म्हणाला, "चला रे."